साळवे सिस्टरचा एकच भाव

माझ्या दुकानात येऊन घासाघीस न केलेली एकच बाई मला आठवते, आणि तिच्यावर माझा राग आहे. राग जुना आहे. पण मी तांब्यापितळेचा माणूस; जुनी वस्तू चिंच लावून घासली की पुन्हा लखलखते हे मला माहीत आहे.

साळवे सिस्टर आमच्या न्हावऱ्याच्या दवाखान्यात बदलून आल्या तेव्हा माझं दुकान म्हणजे बाजारातला पत्र्याचा एक गाळा होता. त्याआधी मी सायकलच्या कॅरिअरला भांड्यांची पाटी बांधून गावोगाव हिंडलो होतो. तिकडं कवठे येमाईपासून इकडं भीमेच्या काठापर्यंत, जुन्या पितळेच्या मोडीवर मला गंडवायचा प्रयत्न केला नाही असं घर नव्हतं. आणि मी गंडून परतलो असंही नव्हतं. तोंडात एक भाव, मनात दुसरा, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून ठरतो तो तिसरा. याच्यावर मी संसार उभा केला.

सिस्टर आल्या, एक स्टीलचं फुलपात्र उचललं, उलटं करून बूड बघितलं आणि भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि चालू लागल्या.

"ओ बाई, बोला तरी कायतरी. कमी करतो की."

त्या वळल्या. "मघाशी सांगितलेला भाव खरा नव्हता का?"

"खराच होता."

"मग तो मला परवडत नाही."

"म्हणून तर कमी करतोय."

"म्हणजे खरा नव्हता."

हे त्या हसून बोलल्या नाहीत आणि चिडूनही नाही. ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. मी मनातला भाव तोंडात आणला आणि फुलपात्र दिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकावर मी खेकसत होतो.

त्या फुलपात्राचं कारण मला पुढं कळलं. सिस्टर दौंडच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, वडील गँगमन. घर बौद्ध. घरभेटीला गेल्या की काही घरांत त्यांच्यासाठी कोनाड्यातला वेगळा कप निघायचा. तो निघायच्या आत सिस्टर पिशवीतून आपलं फुलपात्र काढून पुढं ठेवायच्या. लोक म्हणायचे, बाई फार स्वच्छतेची. मी भांडीवाला. कुठलं भांडं कशासाठी घेतात ते मला सांगावं लागत नाही.

बाई बुटकी, अंगानं भरलेली. चष्मा नाकापेक्षा कपाळावरच जास्त. पायात पुरुषी चपला. उन्हाळा असो की हिवाळा, हातात छत्री, कारण कुत्र्यांची भीती. ज्या हातांनी निम्म्या गावाची बाळंतपणं केली तेच हात गल्लीतलं मरतुकडं कुत्रं दिसलं की थरथरायचे. पिशवीत कायम फुटाणे. आणि माणसाचं नाव विचारायची खोड. "ही गणपतची मंडळी," असं कुणी सांगितलं की त्या त्या बाईकडं बघून म्हणायच्या, "गणपतचं कळलं. तुझं नाव काय?" कित्येक बायकांना आपलं नाव सांगताना घसा खाकरावा लागायचा.

त्यांची आणखी एक पद्धत होती. दवाखान्यात सून यायची ती लवाजमा घेऊन. सासू, नणंद, कधी नवरा. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं. सिस्टर दोन-चार प्रश्न विचारायच्या आणि मग म्हणायच्या, "मावशी, एक लिंबू मिळेल का हो कुठं?" लिंबाचं नाव काढलं की आमच्याकडं माणूस 'कशाला' असं विचारत नाही. औषधाला असेल, उताऱ्याला असेल. विचारलं तर गुण जायचा. सासू पदर खोचून लिंबाला निघायची आणि तेवढ्यात आत सून बोलून घ्यायची. माझी बायको कमल, तिच्या वेळी मीही गेलो होतो. भर उन्हात भाव करून दोन लिंबं आणली, परत येईतो तिनं पाळणा थांबवायच्या ऑपरेशनचं नक्की करून टाकलं होतं. सिस्टरच्या टेबलाच्या खणात सुकलेली लिंबं खडखडायची.

त्या काळी वरून आकडे यायचे. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळे ऑपरेशनच्या 'केसा' शोधत फिरायचे. एका शिबिराला आमच्या तलाठ्यानं एका धनगराची बायको आणली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, आत येईना. सिस्टरनी बाजूला घेऊन विचारलं, तर धाकटं पोर आजारी होतं. ते जगेल की नाही याचा तिला भरवसा नव्हता. सिस्टरनी तिला परत पाठवलं आणि वरून मेमो खाल्ला. मी त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, एका केसेनं वरचा साहेब खूश होत होता, तुमचं काय जात होतं.

"बाळासाहेब," त्या म्हणाल्या, "केस डोक्यावर असतात. ती बाई होती."

पुढं काही वर्षांनी ते आकडे बंद झाले. मग त्यांनी नवीनच काढलं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला एक लाकडी पेटी ठोकली आणि त्यात निरोध ठेवायला लागल्या. कुणाला न विचारता न्यावेत. रंगपंचमीला पोरांनी त्यात पाणी भरून गावभर फेकाफेकी केली. ग्रामसभेत बोंब झाली. सरपंच म्हणाले, पोरं बिघडवताय. सिस्टर म्हणाल्या, फुगे केले तर केले, हात लावायची भीती तरी गेली; आता कशासाठी असतं ते विचारायला येतील. पोरं आलीही, एकेकटी, तोंडाला रुमाल बांधून, मोटारसायकल लांब लावून. कोण कोण आलं ते सिस्टर सोडून कुणालाच कळलं नाही. सिस्टरना विचारून उपयोग नव्हता. इथंच माझं आणि त्यांचं बिनसलं.

शोभा माझी धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले. तिला मी सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून, मागं भांड्यांची पाटी सांभाळत वाढवलं. पाटसला दिली. नवरा विलास साखर कारखान्यात, सासरा आप्पा गावात मानाचा, घरचा ऊस. सतरा पुरी व्हायच्या आत दिली, कारण स्थळ हातचं जाईल असं वाटलं. लग्नात भांडी अशी दिली की पाटसची माणसं बघत राहिली. प्रत्येकावर तिचं नाव घातलेलं.

पहिली मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला ती आमच्याकडं आली, दुसरीही मुलगी झाली आणि रक्त थांबेना. जीप करून पुण्याला निघालो. मी पुढं बसलो. मागं सिस्टर शोभाच्या पोटावर मूठ दाबून बसल्या होत्या आणि तिला बोलत ठेवत होत्या. शोभा एका सुरात थोरलीचं नाव घेत होती, "सोनाली, सोनाली." शिक्रापूरच्या पुढं ते नाव थांबलं. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. मी रस्त्याकडं बघत राहिलो. मग पुन्हा ऐकू आलं, अगदी बारीक.

शोभा वाचली. सव्वा महिना आमच्याकडं राहिली, पांढरीफटक. मग दोन पोरी घेऊन पाटसला गेली.

दोन-तीन वर्षं गेली. एका भाऊबीजेला ती आली असताना सिस्टर आमच्या दारावरून चालल्या होत्या. शोभा उंबऱ्यात गेली. सिस्टर हळू आवाजात विचारत होत्या, "तांबीचा काही त्रास?" शोभा म्हणाली, "न्हाई, चांगली हाय." मी आत ओवाळणीच्या ताटापुढं बसलो होतो. सगळं बोलणं मला पुढं कळलं; तेव्हा माझ्या कानात 'तांबी' एवढा एकच शब्द शिरला.

तांबी म्हणजे तांब्याची छोटी लोटी. मी स्वतः निवडून दिली होती, देवापुढं ठेवायला. तिचं काय झालं? सासरच्यांनी मोडली की काय? दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं 'कॉपर टी', इंग्रजी नावानं. बायका आपसात तिला तांबी म्हणतात हे माझ्यासारख्या जन्मभर तांबं विकणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाटसहून निरोप आला, बोलायला या. मी ओळखलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बैठकीला आप्पा, विलास, विहीणबाई आणि मध्यस्थ म्हणून विलासचे मामा. शोभा स्वयंपाकघराच्या दाराआड. आप्पांनी सरळच सांगितलं. दोन पोरींवर थांबून चालायचं नाही. पोरगीला दिवस राहत नसतील तर विलासचं दुसरं बघायला लागेल. शोभाला कुणी घराबाहेर काढत नाही, तीबी राहील. विलास खाली बघून चटईची काडी मोडत होता.

मी आयुष्यात एवढी घासाघीस कधी केली नसेल. ओरडलो, हात जोडले, मामांना आपल्या बाजूला ओढलं. शेवटी एका वर्षावर आणलं. "वर्षात पाळणा हालला न्हाई तर माजं तोंड बंद," असा शब्द मी दिला. वर म्हणालो, दौंडला चांगल्या डॉक्टरीणबाईकडं मी स्वतः दाखवतो. सौदा जमत आला होता. तेवढ्यात विहीणबाईंनी लग्नातल्या कुठल्यातरी हंड्याचं उकरून काढलं, आणि माझं डोकं फिरलं.

"भांड्यांचं बोलायचं तर मग सगळंच बोलू," मी म्हणालो. "शोभाच्या तांबीची काय भानगड हाय? ती बी सांगा की."

विहीणबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं. "कसली तांबी?"

आतून शोभाचा आवाज आला, "लग्नातली, दादा. गळतीया ती."

विलास बिचारा सरळ माणूस. उठला, देवापुढची लोटी आणली आणि माझ्या हातात दिली. मी उजेडाकडं धरली. बूड बघितलं, काठ बघितला, बोटानं वाजवली. माझ्या दुकानचा माल गळतो असं चारचौघांत कुणी म्हणावं, हे मला कसं सोसणार? मी म्हणालो, "ही कुठं गळतीया? खणखणीत हाय."

विहीणबाई माझ्याकडं नाही, त्या लोटीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "दौंडला मी बी येणार. आत, डॉक्टरीणीपुढं."

मी म्हणालो, या की. शब्द मिळवला म्हणून छाती फुगवून घरी आलो आणि कमलला सगळं रंगवून सांगितलं. कमल भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"अवं, काय करून बसला तुम्ही," ती म्हणाली. "तांबी म्हंजी ती न्हवं."

तसाच उठून मी सिस्टरच्या क्वार्टरवर गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणालो, "माझ्या घरातली गोष्ट, आन् ती मला सोडून समद्यांला म्हाईत."

"तुमच्या घरातली नाही," त्या म्हणाल्या. "शोभाच्या अंगातली."

"मला सांगितलं आसतं तर मी तसं बोललो आसतो. आंधळ्यावानी सौदा केला मी तिथं."

"तुम्हाला सांगितलं असतं, बाळासाहेब, तर तुम्ही तीही सौद्यात घातली असती."

हे वाक्य मला अजून टोचतं. मी माझ्या बहिणीचा जीव सौद्यात घातला असता असं म्हणणारी ही कोण? तिला सायकलवर कुणी वाढवली? याचं उत्तर मला आज सुचतं, पण ऐकायला समोर सिस्टर नाहीत.

मग मी विचारलं, दौंडला ती सापडली तर पुढं काय. त्यांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. "तीच भीती आहे," त्या म्हणाल्या. "तिथंच काढा म्हणतील. काढली आणि लगेच दिवस राहिले, तर त्या अंगात आणखी एका बाळंतपणाचं रक्त नाही."

"मग डॉक्टरीणीला आधी सांगून ठिवा. म्हणावं, आत काय न्हाई आसं बोला."

"खोटं मी बोलायला लावणार नाही. आणि खरं मी सांगणार नाही. मी येते बरोबर."

याचा काय उपयोग, ते मला कळेना. त्या आठवड्यात मी दुकानात तोलून दिलेला माल पुन्हा पुन्हा तोलत होतो. वाटायचं, आपण आजारी पडल्याची तार करून दौंडला जाणंच टाळावं. वाटायचं, आपणच विहीणबाईंच्या पायावर डोकं ठेवावं. सिस्टरही काही शांत नव्हत्या. चौफुल्याला गाडी बदलताना त्यांनी छत्री एसटीतच विसरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दौंडच्या दवाखान्यात बाकावर आम्ही चौघं. शोभा मध्ये, तिच्या एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला सिस्टर. शोभाचे हात मांडीखाली दाबलेले. नंबर जवळ आला तशी मला सिस्टरच्या कपाळावर घामाची ओळ दिसली. त्या विहीणबाईंकडं वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, एक लिंबू मिळेल का हो कुठं?"

विहीणबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक लिंबू काढलं आणि सिस्टरच्या हातावर ठेवलं. "घरनंच आणलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं लिंबू पाटसपातुर पोचलंय, बाई."

मी भिंतीकडं तोंड केलं. आता संपलं.

सिस्टर त्या लिंबाकडं बघत बसल्या. मग त्यांनी ते पिशवीत टाकलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "शोभा, तुला आत कोण पाहिजे?"

दारातल्या आयानं पुढचं नाव पुकारलं, ते आमचं नव्हतं. शोभानं मांडीखालचे हात बाहेर काढले. तिचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. हा त्यातला नव्हता.

"आत जायाचं कामच न्हाई, आत्याबाई. मला तांबी हाय. दुसरीच्या सव्वा महिन्यातच बसवून घेतली. दादाला म्हाईत न्हवतं, ह्यांनाबी न्हाई. ह्या सिस्टरनी मला तीनदा इचारलं हुतं, मीच व्हय म्हणले. मला रगात चढवत हुते तवा माज्या दोन पोरी डोळ्यापुढं हुत्या. मला मरायचं न्हाई."

विहीणबाई तिला मारतील असं मला वाटलं आणि मी मध्ये पडायला एक पाऊल पुढं टाकलंही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मला सांगायचं हुतंस." मग पिशवी आवळली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेल्या. मी मागं धावलो. स्टँडवर त्या पाटसच्या गाडीत बसलेल्या दिसल्या, खिडकीतून समोर बघत. मी हाक मारली. गाडी निघून गेली.

माझा वर्षाचा शब्द तिथंच मातीत गेला. शोभा आमच्याकडं आली, मागून पोरींनाही घेऊन आलो. गाळप संपलं, पाऊसपाणी झालं, पाटसहून चिठ्ठी नाही की माणूस नाही. रोज संध्याकाळी मी रस्त्याकडं बघत बसायचो. पाटसला दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली आहेत असं कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं तसं काही नाही. सिस्टर येता-जाता शोभाला गोळ्या द्यायच्या, तिच्या डोळ्याची पापणी ओढून बघायच्या आणि माझ्याशी बोलायच्या नाहीत. मीही बोलत नव्हतो.

एके दिवशी दुपारी विलास मोटारसायकलवर आला. आमच्या दारात थांबला नाही. सरळ दवाखान्यात गेला. मी दुकान टाकून मागं गेलो, तर आतून कडी. बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "दादा, शोभाला न्यायला आलोय. पोरींची दप्तरं बांधा." बाहेर पडताना त्यानं दवाखान्याकडं वळून मान हलवली, आणि सिस्टर आतून "बरं" म्हणाल्या.

आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विलासला विचारलं, तो हसतो. शोभाला विचारलं, ती म्हणते, "तुला कशाला?" सिस्टरना विचारलं, तर त्यांनी पिशवीतले मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. विलासनं दुसरं लग्न केलं नाही. तांबी मुदत संपल्यावर निघाली आणि पुढं काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं; तेही मला सांगितलेलं नाही. मी काही फार मागत नव्हतो. शिक्रापूरपासून पुण्यापर्यंतचा रस्ता मी त्याच जीपमध्ये बसून काढला होता. निदान घरच्या माणसात तरी मला धरायचं.

सिस्टरना मी शेवटचं बघितलं ते त्यांच्या रिटायरमेंटच्या आधी. सोनाली तेव्हा दहावी होऊन आमच्याकडं कॉलेजला राहिली होती. सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता. कमलनं विचारलं, काही सांगेना. मी विचारलं, ताटावरून उठून गेली. दुपारी मला ती दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसली. मी दुकानाचं फळकूट अर्धं ओढलं आणि निघालो. माझ्या भाचीला काय झालंय हे मला या खेपेला तरी कळलं पाहिजे होतं.

दारात पोचलो तेव्हा सोनाली स्टुलावर बसली होती, पाठमोरी. सिस्टर तिच्यासमोर खाली वाकून काहीतरी ऐकत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मान वर करून मला बघितलं. मी म्हणालो, "सिस्टर, ही माझी—" त्या उठल्या, दाराशी आल्या, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि दार लोटलं. आतून कडी लागली.

माझं डोकं तापलं होतं. दारावर थाप मारायला मी हात उचललाही होता. तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक जण पायाला चिंधी गुंडाळून लंगडत आला आणि थेट दाराला हात घालायला लागला.

"थांब," मी त्याचा हात धरला. "आत बाईमाणूस हाय."

"कोण हाय?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो, आणि दाराकडं पाठ करून पायरीवर बसलो. तो थोडा वेळ कण्हत उभा राहिला, मग माझ्या शेजारी टेकला. आतलं काही ऐकू येत नव्हतं.